पदवीने मारलेला डास

टेबलावर डास बसला. मुलाखतीला आलेल्या मुलीच्या पदवीचा कागद साहेबांनी उचलला आणि फाटकन हाणला. कागदावर रक्ताचा ठिपका उमटला.

"घरात आणखी कोण शिकलंय?"

"मीच पहिली, सर."

"दिसतंयच!" साहेब हसले.

मुलाखत घ्यायला मीही शेजारी बसलो होतो. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. आईने हात धुऊन मगच तिला हात लावला होता. साहेबांच्या हसऱ्या तोंडावर पेपरवेट हाणावा, दात पाडावेत, असं वाटलं. डास निदान चावतो तरी. या पोरीने काय केलं होतं? अहो, समोरच्या माणसाला पारखा, नापास करा. चिरडायचा पगार आपल्याला मिळत नाही.

मुलीने कागद ओढून घेतला, ओढणीने पुसला. "सर, कामाचं विचारा."

साहेबांकडे तसा एकही प्रश्न नव्हता.