अंगठा देण्याआधी

आमच्या धरमपेठेतल्या घरी तुळसाबाई मडावी बारा वर्षांपासून पोळ्या करतात. मूळच्या देवलापारकडच्या, गोंड. नवरा गेल्यावर नागपुरात आल्या. भांडी घासून घासून बोटांच्या रेषा झिजल्यात, त्यामुळे रेशनच्या मशीनवर त्यांचा अंगठा एका दमात कधी उठत नाही.

त्यांना वाचता येत नाही. का, ते त्या पोळी लाटता लाटता हसत सांगायच्या. दुसरीत असताना भाऊ झाला. आईबाप मोहफुलं वेचायला रानात जायचे, म्हणून त्या शालिकरामला कडेवर घेऊन वर्गात बसायच्या. तो रडायचा. एक दिवस मास्तरांनी दोघांनाही बाहेर काढलं. सहा वर्षांनी शालिकराम एकटाच आत गेला. आता तो कुहीला एका कचेरीत बाबू आहे.

"माहा भाऊ वाचते ना, मंग मले कायचं टेन्शन?" त्या म्हणायच्या. मी दोनदा पाटी आणली, दोनदा त्या हसल्या, आणि मीही नाद सोडला. आज मला माझाच राग येतो.

जूनअखेर त्या रडतच आल्या. त्यांची दामिनी आश्रमशाळेत सातवी पास झालेली. सुट्टीत मामाकडे गेली, ती मामीचं तान्हं बाळ सांभाळायला तिथेच राहिली. "माह्या पोरीचं नाव कोणं कापलं?" म्हणून तुळसाबाई शाळेत भांडायला गेल्या, तर मास्तरांनी एका अर्जाची झेरॉक्स हातात ठेवली. ती त्यांनी माझ्यापुढे धरली.

घरच्या अडचणीमुळे मुलीला शाळेतून काढत आहे, दाखला द्यावा, असं त्यात होतं. खाली त्यांचाच अंगठा, इथे मात्र ठळक उठलेला.

"शालिक म्हणे, शाळेचा कागद हाय. म्या चांगला दाबून देल्ला."

ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं! माझं डोकं फिरलं. मी त्या भावाचा उद्धार करायला लागले.

"त्याले शिव्या नोका देऊ, ताई. कडेवर वागवला म्या त्याले."

मी तिथेच दुसरा अर्ज लिहिला: मुलीला परत शाळेत घ्यावं. मोठ्याने वाचून दाखवला आणि घरातलं शिक्क्याचं शाईचं पॅड पुढे सरकवलं.

त्यांनी अंगठा उचलला आणि तसाच धरून ठेवला.

"तुमी वाचलं तेच लिवलं हाय, हे मले कसं समजन?"

मला झोंबलं. बारा वर्षं यांच्या हातचं खाल्लं मी!

"दामिनीले वाचू द्या. ती हो म्हणन, मंगच अंगठा."

"मग कागद घेऊन उद्या कुहीला जाऊ."

"मामापुढं पोरगी काय वाचन?" त्यांनी अंगठा पदरात गुंडाळला. "रविवारी गेली होती मी तिथं. कडेवर लेकरू घेऊन दारात उभी होती दामिनी. लेकरू रडून राहिलं होतं. मी तशीच वापस आली, ताई. तिचं शाळेचं दप्तर खुंटीले होतं, अन् त्याच्यात लेकराचे लंगोट भरले होते."