तक्रार नाही

दुबईजवळच्या अजमानमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाच्या व्हिसाचं काही अडलं, की लोक आधी जेरार्ड तुस्कानोचं दार वाजवतात आणि मग देवाला हाक मारतात. माणूस वसईचा, एका बांधकाम कंपनीत मंदूब. मंदूब म्हणजे कंपनीची सरकारी कामं करणारा, दुसऱ्यांचे पासपोर्ट घेऊन ह्या खिडकीतून त्या खिडकीत पळणारा. तरुणपणी आला, केस इथेच पांढरे केले. मी बानू, श्रीवर्धनची, त्यांच्या समोरच्या दारात राहते, आणि माझं तोंड फटकळ आहे हे आधीच सांगून ठेवते. जेरार्डभाई सोन्यासारखा माणूस. पण सोन्यासारखी माणसं घरच्यांचा घात कसा करतात, तेही मी ह्याच डोळ्यांनी पाहिलं.

दुबईतल्या मुहैस्नाच्या कामगार-कॅम्पमधला कुणी नोकरी सोडून निघाला, की भाई त्याच्याकडून एक वाक्य पाठ करून घ्यायचे. "माझी काही तक्रार नाही, मी माझ्या मर्जीने चाललो." पगार रखडलेला असो, मुकादमाने आई-बहीण काढलेली असो, लेबर ऑफिसातल्या साहेबाने विचारलं की एवढंच बोलायचं आणि खलास. तक्रार केली की केस, केस झाली की बॅन, आणि बॅन बसला की दुसरी नोकरी विसरा, असं त्यांचं गणित. आता कायदे बदललेत म्हणतात, पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. महादू नावाचा एक गवंडी तर माझ्या दारात उभा राहून ते वाक्य घोकत होता, आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. मी म्हटलं, भाई, तुम्ही माणसांना तोंड दाबून बुक्क्यांचा मार खायला शिकवता. ते हसले. म्हणाले, "भाभी, बुक्की विसरता येते, बॅन नाही विसरता येत."

त्यांची एकुलती एक पोर शेरॉन. इथेच जन्मली, बापापेक्षा उंच झाली. बास्केटबॉलचं वेड असं की पार्किंगच्या भिंतीवर चेंडू आपटून आपटून वॉचमनला रडकुंडीला आणलं. बाप मराठीत बोले, ती इंग्लिशमध्ये उत्तर देई. "एकदा तरी आपल्या भाषेत बोल गं," म्हणून भाई विनवायचे, आणि ती "ओके डॅडी" म्हणून निघून जायची.

शारजाच्या कॉलेजात ती टीममध्ये होती. सेमीफायनलच्या आधी तिचा गुडघा सुजला. डॉक्टरने सक्त मनाई केली. कोचबाई म्हणाली, पट्टी बांध आणि खेळ. शेरॉन खेळली नाही. त्या दिवसापासून तिला जिममध्ये पाय ठेवू देईनात, टीमच्या मुली तिच्याशी बोलेनात. जेरार्डभाई भेटायला गेले, तर कोचबाईने त्यांच्या तोंडावर सांगितलं की मी सांगेन तेव्हा खेळायचं, नाहीतर मुलीसाठी दुसरं कॉलेज बघा. खोलीत तिसरं कुणी नव्हतं. घरी येऊन त्यांनी हे बायकोला, ॲडेलिनला, आणि मला शब्द न शब्द सांगितलं.

मग दुबईतलं दुसरं कॉलेज बघितलं. शेवटचं वर्ष तिथे. पण कॉलेजांच्या लीगचा नियम असा, की जी मुलगी कॉलेज बदलेल तिने एक सीझन मॅच खेळायची नाही. प्रॅक्टिस करायची आणि बाहेर बसायचं. का, तर मुलींनी टीमा बदलत फिरू नये म्हणून. मात्र जुन्या कॉलेजने अन्याय केला म्हणून सोडावं लागलं असेल, तर वेव्हर मिळतो, म्हणजे नियमातून सूट. मला आधी वेफर ऐकू आलं, आणि मी म्हटलं, बटाट्याचे की केळ्याचे? शेरॉन पोट धरून हसली. त्या दिवसांत ती पुष्कळ हसायची. हे एकच वर्ष हातात होतं. डिग्री झाली की भाई नोकरी सोडणार आणि सगळे वसईला परतणार, मग कसली लीग आणि कसलं काय.

नवी कोच फियोना मॅडम हुशार बाई. तिने भाईंना समजावलं, की गुडघ्याचं डॉक्टर सांगतील, पण "दुसरं कॉलेज बघा" हे शब्द फक्त तुम्ही ऐकलेत. लीगच्या कमिटीपुढे ते तुम्हीच सांगायचे. भाई म्हणाले, इन्शाल्ला. इथल्या सरकारी खिडकीत इन्शाल्ला म्हणजे 'बघू', मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

कमिटीने बोलावलं त्या दिवशी ॲडेलिनला हॉटेलच्या रिसेप्शनवरून सुट्टी मिळाली नाही, म्हणून मी सोबत गेले. थंडगार खोली, लांब टेबल, तिघे सभ्य माणसं, आम्हाला पाणी विचारणारी. शेरॉनने आपलं सगळं सांगितलं. डॉक्टरने लिहून दिलेलं त्यांना पटलेलं दिसत होतं. मग मधल्या साहेबांनी वळून अगदी प्रेमाने विचारलं, की मिस्टर तुस्कानो, जुन्या कॉलेजबद्दल तुमची काही तक्रार आहे का?

जेरार्डभाई उठून उभे राहिले. कुणी उठायला सांगितलं नव्हतं. हात पुढे बांधले, मान थोडी खाली. सरकारी खिडकीपुढे उभे राहतात तसे.

"नो कम्प्लेंट, सर," ते म्हणाले. "शी लेफ्ट बाय हर ओन विल. व्हेरी गुड कॉलेज."

मी त्यांच्या कोटाची बाही ओढली. साहेबांनी पुन्हा विचारलं, नक्की? भाईंनी पुन्हा तेच सांगितलं, ह्या वेळी जास्त ठासून. शेरॉन बापाकडे बघत राहिली. मला मात्र त्या बांधलेल्या हातांची अशी चीड आली, की ते सोडवून टेबलावर आपटावेत.

गाडीत भाई आम्हालाच समजावत होते. तक्रार नोंदली असती तर तिच्या नावावर डाग लागला असता, पुढे कुठे ॲडमिशन नाही, नोकरी नाही. "मी तिचं नाव साफ ठेवलं, भाभी."

शेरॉन मागच्या सीटवरून एवढंच म्हणाली, "इट वॉजन्ट अ लेबर केस, डॅडी."

तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. गाडी चालवताना त्यांचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं, आणि तरी मला दया आली नाही. खरं सांगते, आजही पुरती येत नाही.

वेव्हर नाकारला. भाई परत कमिटीकडे धावले, खरं काय ते सांगायला तयार झाले. त्यांना सांगण्यात आलं, की निकालानंतर बदललेला जबाब धरता येत नाही, आणि आम्ही तर तुम्हाला दोनदा विचारलं होतं. सगळे फार नम्रपणे बोलले. फियोना मॅडमनेही हात टेकले. आयुष्यभर ज्याने लोकांची अडलेली कामं सोडवली, त्याला स्वतःच्या पोरीचं काम सोडवता आलं नाही.

सीझनभर शेरॉन साध्या कपड्यांत बाकावर बसली. मुलींना टॉवेल दिले, पाण्याच्या बाटल्या भरल्या. भाई प्रत्येक मॅचला जायचे, सगळ्यात वरच्या ओळीत बसायचे. फायनल टीम एका बास्केटने हरली. शेवटचा बॉल एका नवख्या मुलीच्या हातून निसटला, आणि शेरॉनने जाऊन तिलाच जवळ घेतलं.

ईदला दोन्ही घरं माझ्याकडे जमली. वसईचं सामान निम्मं बांधून झालं होतं. शीरखुर्म्याची वाटी हातात घेऊन भाई बराच वेळ ती ढवळत बसले. मग पोरीकडे न बघता विचारलं, "शेरॉन, तुझा माझ्यावर राग आहे का गं?"

तिने वाटी खाली ठेवली. आणि जन्मात पहिल्यांदा बापाला सबंध मराठीत, एकही शब्द न अडखळता उत्तर दिलं.

"नाही डॅडी. माझी काही तक्रार नाही."