चार बोटांची केस

वसई पूर्वेच्या एका गाळ्यात माझे मिस्टर पॉवर प्रेसवर पत्रा कापायचं काम करायचे. एका दुपारी त्यांच्या उजव्या हाताची चार बोटं प्रेसखाली गेली. शेजारच्या मशीनवरच्या माणसाने धावत येऊन मशीन बंद केलं, स्वतःच्या शर्टात त्यांचा हात गुंडाळला आणि रिक्षाने दवाखान्यात नेलं.

माझ्या सासऱ्यांचंही एक बोट असंच गेलं होतं, फार वर्षांपूर्वी. पण ते कायम कामगार होते. उपचार विम्याच्या दवाखान्यात झाले, पेन्शन लागली आणि कंपनीने त्यांना गेटवर बसवून नोकरी टिकवली. मला वाटलं, आपलंही तसंच होईल.

मी गाळ्याच्या मालकाला, शेठला, भेटायला गेले. ते म्हणाले, "तुमचे मिस्टर माझे कामगार नाहीत. ठेकेदाराला विचारा."

ठेकेदार म्हणाला, "ताई, मी फक्त माणसं पुरवतो. मशीन शेठचं."

विमा दोघांपैकी कुणीच भरला नव्हता.

माणिकपूरच्या वकीलबाईंनी केस घेतली. मिस्टर तिथेच कामाला होते, हे सांगणारा कुणीतरी हवा होता. गाळ्यातल्या सगळ्यांनी नाही म्हटलं. शेवटी तोच शेजारच्या मशीनवरचा माणूस म्हणाला, "वहिनी, मी येतो." त्याची बायको दारात उभी होती. ती पोरीला घेऊन आत गेली.

त्याने साक्ष दिली, "हात मीच सोडवला." दुसऱ्या दिवशी त्याला गेटवरूनच परत पाठवलं. मग आसपासच्या एकाही गाळ्याने त्याला ठेवलं नाही.

केस वर्षानुवर्षं चालली. डाव्या हाताने जेवताना सांडायचं, म्हणून मिस्टरांनी लग्नकार्यांना जाणं सोडलं. अखेर निकाल आमच्या बाजूने लागला. भरपाईचे पैसे हातात आले तसे आम्ही दोघं साक्ष देणाऱ्या त्या माणसाच्या खोलीवर गेलो. तो तेव्हा राजोडीच्या एका रिसॉर्टमध्ये साफसफाई करत होता.

मिस्टरांनी पाकीट पुढे केलं. तो मागे सरकला. "तुमच्या बोटांचे पैसे मी कसे घेऊ, भाऊ?"

आतून त्याची बायको बाहेर आली. "मी घेते," ती म्हणाली. "फीपायी पोरीची शाळा सुटलीय आमच्या." तिने पाकीट घेतलं आणि आमच्याकडे न बघता आत गेली. तो मान खाली घालून उभा राहिला.

रिक्षात मिस्टर एवढंच म्हणाले, "बरं झालं, तिने घेतलं."

त्यानंतर आमचं त्यांच्याकडे जाणं-येणं राहिलं नाही.