साठ दिवे, त्रेपन्न वर्षं

वडिलांनी खोताला आपलं वय त्रेपन्न सांगितलं, तेव्हा त्यांना साठ पुरी व्हायला तीन आठवडे उरले होते. हे त्यांनीच आम्हाला दुपारी जेवताना सांगितलं, आणि सांगून पुन्हा भात मागितला.

"त्रेपन्न?" आई म्हणाली. "मग मी कितीची? पंचेचाळिसाची? बरंच झालं म्हणायचं."

"त्याला तीन वर्षं टिकणारा माणूस हवा आहे," वडील म्हणाले. "साठ म्हटलं की लोकांचं पुढचं वाक्य ठरलेलं असतं."

ते वाक्य आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. साठी बुद्धी नाठी. वडील आंब्याची कलमं बांधत. रत्नागिरीच्या आसपास हे काम करणारे बरेच होते, पण वडिलांनी बांधलेलं कलम सहसा मरत नसे. कुंडीतलं रायवळ रोप हापूसच्या झाडावर चढवायचं, दोघांच्या सालीचा काप जुळवून बांधायचं, आणि जीव धरला की वरून रायवळाचा शेंडा, खालून हापूसची फांदी कापून झाडापासून वेगळं करायचं. खोताने शहराबाहेर दोन मैलांवर कातळाची जागा घेतली होती. तिथे दोनशे कलमं लावायची आणि तीन उन्हाळे पाणी घालून जगवायची, असं ते काम होतं. एवढं मोठं काम वडिलांच्या हाती पूर्वी आलं नव्हतं, आणि ते म्हणत, पुढे येणारही नाही. रविवारी खोत आमच्या घरी येऊन काय ते ठरवणार होता.

"पण हे खोटं आहे," मी म्हटलं.

"तू बंदरावर बोटींचे आकडे लिहितोस. तिथे खरं लिही," वडील म्हणाले. "आंबा माझं वय विचारत नाही."

मी तेव्हा छत्तीस वर्षांचा होतो. दोन मुलांचा बाप होतो. वडिलांशी वाद घालण्याचं वय माझं सरलं होतं आणि त्यांना शहाणपण शिकवण्याचं अजून आलं नव्हतं, म्हणून गप्प बसलो. पण त्यांची साठी साजरी करायची, हे मी आधीच ठरवलेलं होतं. पेटीतली पत्रिका काढून तिथी पाहिली होती. शके १७९३, कार्तिक शुद्ध पंचमी. म्हणजे १९३१ सालच्या कार्तिकात साठ पुरी होत होती. साठीची शांत करू का, म्हणून एकदा विचारलं, तेव्हा त्यांनी "होमात तूप ओतून माझी वर्षं कमी होणार आहेत काय?" असं म्हणून विषय मिटवला होता. त्यामुळे त्यांना न सांगताच करायचं ठरलं. भटजी नाही, होम नाही. साठ दिव्यांनी ओवाळायचं आणि वाडीतल्या माणसांना जेवायला घालायचं.

पंचमी गुरुवारी येत होती आणि खोत यायचा रविवारी. मधे दोन दिवस मोकळे. वाडीतल्या प्रत्येकाला मी स्वतः जाऊन सांगितलं, की आकडा बाहेर बोलायचा नाही. मला यात कुठे फट दिसत नव्हती. आजही कागदावर मांडलं तर दिसत नाही.

माझी धाकटी बहीण पलीकडच्या वाडीत दिलेली होती. माझ्या सांगण्यावरून तिच्या नवऱ्याने बुधवारी निरोप पाठवला, की परसातल्या आंब्याची फांदी काळी पडत चालली आहे, येऊन बघाल का. आजारी झाड म्हटल्यावर वडील बसायचे नाहीत. गुरुवारी सकाळी ते सुरी आणि सुतळी घेऊन निघाले, आणि बहीण दुसऱ्या वाटेने आमच्याकडे आली.

बायकोने तांदळाच्या पिठाचे दिवे उकडले. मांडणी मी केली. अंगणात दोन पाट जोडून त्यावर केळीचं पान टाकलं आणि दहा-दहाच्या सहा ओळी लावल्या. बायको म्हणाली, "गोल मांडा, छान दिसतील." पण गोलात मोजायला त्रास होतो, म्हणून मी ओळीच ठेवल्या. ओटीवर चौतीस माणसं बसली होती. वातींना तेल पाजून झालं. बाराच्या सुमारास बहीण अंगणाच्या दगडी गडग्याशी उभी राहून पाखाडीच्या पायऱ्यांकडे बघत होती. तिने हात केला तशी बायकोने दिवे लावायला घेतले.

"दादा," बहीण म्हणाली, "दोघे आहेत."

मी जाऊन पाहिलं. वडील पुढे, आणि मागे छत्री घेतलेला खोत. झाड बघून परतताना त्यांना तो वाटेत भेटला होता. वडिलांनीच त्याला म्हटलं होतं, रविवारची वाट कशाला, घर जवळच आहे, कोकमाचं सरबत घ्या आणि काय ते आजच ठरवून टाका. हे सगळं नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं, की पाखाडीच्या वीसेक पायऱ्या उरल्या आहेत.

"सात विझव," बहीण म्हणाली.

"लावलेले दिवे विझवायचे? आजच्या दिवशी?" आई म्हणाली. "काही बोलू नकोस."

"विझवायचे कशाला?" बायकोने सूप पुढे केलं. "सात उचलून यात ठेवते, माजघरात नेते. जळू देत तिथे."

उपाय चांगला होता. वेळही होता. शेवटच्या ओळीतले सात उचलले असते तर तीन राहिले असते, आणि खोताने मोजले असते तरी त्रेपन्नच भरले असते. ओटीवरचे सगळे माझ्याकडे बघत होते. मी नको म्हटलं.

"तुझ्या बापाचं काम जाईल रे," आई हळू म्हणाली.

"जाईल," मी म्हटलं. "पण मी साठाचे त्रेपन्न करणार नाही."

बायकोने सूप खाली ठेवलं.

वडील अंगणात आले. त्यांनी माणसं पाहिली, दिवे पाहिले आणि मग माझ्याकडे पाहिलं. त्यांना मोजावं लागलं नाही. दहाच्या सहा ओळी कुणालाच मोजाव्या लागत नाहीत. खोताने छत्री मिटली.

"काय, कुणाचं लग्न निघालं?"

"माझी साठी आहे," वडील म्हणाले.

"त्रेपन्न म्हणाला होतात."

"म्हणालो होतो. साठ आहेत. हा माझा मुलगा. याने मांडलेत, म्हणजे एक कमी नाही की एक जास्त नाही."

खोत ओटीच्या कडेला टेकला.

"वयाचं मला काही नाही हो," तो म्हणाला. "माझा बाप सत्तराव्या वर्षी माडावर चढत असे. पण कलमाचं कसं आहे, तुम्हीच सांगा. तुम्ही म्हणणार हापूस. मी लावणार. पाच वर्षांनी फळ आलं की कळणार, हापूस होतं की शेजारचा रायवळ. तोवर माझ्याकडे तुमच्या तोंडच्या शब्दाशिवाय काय असतं? आणि तो शब्द तर आज इथे जळतोय."

वडिलांनी हातातली सुरी आणि सुतळी ओटीवर ठेवली.

"खोत, तुमचं खरं आहे," आई म्हणाली. "पण तेल संपत आलं. आधी ओवाळून घेते. मग दोघं काय ते बोला."

वडील पाटावर बसले. आईने, बहिणीने, बायकोने आणि वाडीतल्या बायकांनी ओवाळलं. खोत उभा राहिला, आणि शेवटी त्यानेही वडिलांच्या डोक्यावर अक्षता टाकल्या. आईने त्याला पंगतीत बसवलं. तो नको म्हणाला नाही.

वडिलांना उत्तर सुचलं ते ताकाच्या वेळी. "दोनशे नकोत," ते म्हणाले. "पन्नास द्या. हापूसचं मूळ झाड तुम्ही निवडा. ज्या फांदीवर बांधायचं तिला तुमच्या हाताने खूण करा. कलम उतरवेन तेव्हा तुमचा माणूस समोर ठेवा."

"आणि कुठली कुंडी कुठल्या फांदीची, हे कोण लक्षात ठेवणार?"

वडिलांनी माझ्याकडे न बघता माझ्याकडे बोट केलं. "हा लिहील."

खोताने मला न्याहाळलं. "ओळी मांडल्या त्या तूच ना?"

"हो."

"मग चालेल," तो म्हणाला आणि भुरका मारला.

त्या हंगामात मी दर रविवारी वडिलांबरोबर खोताने निवडलेल्या हापूसच्या बागेत जात होतो. पहिले चार रविवार ते वाटेत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. झाडावर चढले की वरून फक्त "चौदा. पूर्वेची फांदी, खालून दुसरी. लिहिलंस?" एवढंच. मी "लिहिलं" म्हणत असे. त्यांचा राग मला समजत होता. मी चुकलो असं मात्र मला वाटत नव्हतं, आणि ते त्यांना समजत होतं. पाचव्या रविवारी त्यांनी परतताना विचारलं, "विझवायचे नव्हते, तर निदान गोल का नाही मांडलेस?" मी म्हटलं, "गोलात मोजता येत नाही." ते बराच वेळ हसले.

पन्नासांपैकी सेहेचाळीस कलमं जगली. मेलेल्या चारांची कारणं वहीत आहेत. दुसऱ्या वर्षी खोताने उरलेली दीडशे दिली. या वेळी त्याने ना फांदीला खूण केली, ना माणूस पाठवला, ना वही पाहायला मागितली. हंगामाच्या पहिल्या रविवारी वडील सुरी कमरेला लावून दारात उभे राहिले आणि मला हाक मारली.

"वही घे."

"आता वही कशाला?" मी विचारलं. "तो विचारत नाही."

"तो विचारत नाही म्हणूनच," वडील म्हणाले, आणि पाखाडी उतरू लागले.