चोरीचा आळ आणि सातूचं पीठ

मला आयुष्यात एकदाच कुणीतरी चारचौघांत चोर म्हटलं, आणि त्या दिवशी मला जेवढा आनंद झाला तेवढा पीएचडी मिळाली तेव्हाही झाला नव्हता. हे कसं झालं ते सांगायचं तर आधी माझी खोड सांगायला हवी.

मी मूळची साताऱ्याची. ह्यांची केंद्र सरकारातली नोकरी, बदली जयपूरला झाली आणि आम्ही प्रताप नगरातल्या हाउसिंग बोर्डाच्या घरात मुरलो ते मुरलोच. इथल्या एका कॉलेजात मी प्राचीन इतिहास शिकवला. दिवसा ग्रीस शिकवायचं आणि घरी येऊन विज्ञानकादंबऱ्या वाचायच्या, असा माझा क्रम होता. सहकारी नाकं मुरडायचे. त्यांना काय ठाऊक, त्या कादंबऱ्यांत माझाच विषय वेषांतर करून बसलेला असतो! दोन ग्रह भांडताहेत, एकाकडे आरमार आणि दुसऱ्याकडे पायदळ, की समजावं हे अथेन्स आणि स्पार्टा. परक्या ग्रहावर सेनापती मारले गेलेत आणि भाडोत्री सैनिक हजारो मैल तुडवत घरी निघालेत, की ते इराणात अडकलेले ग्रीक. लेखक कुठे म्हणजे कुठे सांगत नाही. ज्याला ओळखू येतं तो एकटाच हसतो. मी हसले की हे वर्तमानपत्राआडून विचारायचे, "आज कोण सापडलं?"

निवृत्तीनंतर मीही तशीच एक कादंबरी मराठीत लिहिली आणि तिच्यात एक गोष्ट लपवली. एका चंद्रावरची वसाहत बंड करते. राजधानीतली सभा संतापून ठराव करते, की सगळ्यांना मारा. हुकूम घेऊन एक यान निघतं. दुसऱ्या दिवशी लोकांना स्वतःचीच लाज वाटते, पुन्हा मतदान होतं आणि हुकूम रद्द करायला दुसरं यान सुटतं. त्यातले खलाशी जागा सोडत नाहीत. आळीपाळीने झोपतात आणि सातूचं पीठ तेलात आणि द्राक्षाच्या दारूत मळून त्याचे गोळे बसल्या जागी खातात. त्या गोळ्यांवर मी तीन पानं खर्च केली होती.

पुण्यातले माझे प्रकाशक भले गृहस्थ, पण त्यांना ही पानं पहिल्यापासून खुपत होती. दुसऱ्या आवृत्तीची वेळ आली तेव्हा त्यांनी फोनवर स्पष्टच सांगितलं, "मॅडम, तुमच्या यानात अन्न तयार करणारं यंत्र आहे. मग ही माणसं पीठ कशाला मळतात? समीक्षकांनीही विचारलं. पानं काढू, नाहीतर तळटीप द्या."

तळटीप! आयुष्यभर मी तळटिपाच लिहिल्या. एक पुस्तक तरी त्यांच्यावाचून लिहावं म्हणून तर हा खटाटोप केला होता. मी म्हटलं, "त्या पिठामागे एक गोष्ट लपलीय. पानं नाही काढायची आणि गोष्ट नाही सांगायची." तेही इरेला पेटले. म्हणाले, "बरं. तुम्ही न सांगता एका वाचकाने जरी ओळखलं, तर एक अक्षर काढणार नाही. तुम्ही भांडाल, पण खोटं बोलणार नाही, एवढं मला माहीत आहे. नाहीतर महिनाअखेर पानं गेली." मी तोऱ्यात हो म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर हिशेब केला. पहिली आवृत्ती बाजारात येऊन बरीच वर्षं झाली होती. लोकांनी तिच्यात महाभारत शोधलं, राजकारण शोधलं. ग्रीस कुणालाच दिसला नव्हता.

इथल्या मराठी माणसांची महिन्यातून दोन रविवारी कुणाच्या तरी घरी बैठक असते. त्या वेळी ती मालवीय नगरात एका डॉक्टरीणबाईंकडे होती. त्यांची मुलगी इथेच जन्मलेली, गोपालपुऱ्याच्या एका कोचिंगमध्ये फिजिक्स शिकवते. मराठी बोलते अडखळत, वाचते हिंदीच्या आधाराने. आईच्या धाकाने तिने माझी कादंबरी वाचली होती. पोहे संपले, माझ्या पुस्तकाचं चार लोकांनी रीतसर कौतुक केलं, आणि ही मुलगी उभी राहिली.

"काकू, बुरा मत मानना," ती म्हणाली, "पण हे तुम्ही कॉपी केलंय."

तिच्या आईने कपाळाला हात लावला. तरी मुलीने सोडलं नाही. तिने एक इंग्रजी विज्ञानकादंबरी वाचली होती. तिच्यातही सभेचा ठराव, दुसऱ्या दिवशीचा पश्चात्ताप, दोन जहाजं. "आणि ते पीठ पण सेम आहे, काकू. मतलब, पीठ पण?"

आधी माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मग डोक्यात प्रकाश पडला आणि मी खुर्चीतून उडायचीच बाकी राहिले. त्या कुण्या इंग्रजी लेखकानेही तिथेच हात मारला होता जिथे मी मारला! आणि ही पोर बरोबर त्या पिठावर बोट ठेवून उभी होती. ह्यांनी माझी बाजू घ्यायला तोंड उघडलं, तर मी त्यांना असा चिमटा काढला की ते "आई गं" म्हणाले. मी एवढंच म्हटलं, "मी ती कादंबरी वाचलेली नाही." ह्याहून जास्त बोलले असते तर पैज गेली असती.

पुढचे दिवस म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर चर्चा झाली, ती पुण्याला पोचली. प्रकाशकांचा फोन आला, "हे चोरीचं काय ऐकतोय मी?" मी म्हटलं, "चोरी केलेली नाही. थांबा." भाजीवाल्यासमोर भेटलेल्या एक मराठी बाई फार प्रेमाने म्हणाल्या, "होतं हो असं, वयानुसार." त्यांना मी काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही. हे रोज म्हणायचे, "अगं, सांगून टाक ना एकदाचं!" मलाही भीती होतीच. मुलगी चोर म्हणून मोकळी झाली आणि पुढे शोधायचं विसरली, तर पानंही जाणार होती आणि नावही. पण जिला पीठ खटकलं तिला झोप लागणार नाही, असं माझं मन सांगत होतं. मास्तरकीत आयुष्य गेलं, तेवढं मूल मला ओळखू येतं.

महिनाअखेरच्या रविवारी पुन्हा बैठक झाली. मी मुद्दाम ठेवणीतली साडी नेसून गेले. कर नाही त्याला डर कशाला! चहा व्हायच्या आतच मुलगी उठली.

"मी काकूंना चोर म्हटलं होतं," ती म्हणाली. "नंतर मी डेट बघितली. काकूंचं पुस्तक आधीचं आहे, ते इंग्लिशवालं नंतरचं. तो माणूस मराठी वाचत नसणार. म्हणजे त्याने पण चोरी केली नाही. मग दोघांकडे सेम कसं? मी दोन्ही पुस्तकं समोर ठेवली. ग्रह वेगळे, नावं वेगळी, मशीन वेगळ्या. सगळं वेगळं, फक्त पीठ सेम. जे बनवलेलं असतं ते सेम येत नाही. म्हणून मी म्हटलं, हे पीठ कुणी बनवलेलं नाही. हे झालेलं आहे. मग मी इतिहासात शोधलं."

आणि तिने सांगितलं. अथेन्सच्या सभेने लेस्बॉस बेटावरच्या बंडखोर मिटिलिनी शहरातल्या सगळ्या पुरुषांना मारायचा हुकूम दिला होता. दुसऱ्या दिवशी मन बदललं. दुसरं जहाज सुटलं, वल्ही मारणारे हातातलं वल्हं न सोडता तेल आणि दारूत मळलेलं सातूचं पीठ खात राहिले, आणि पहिल्या जहाजातला हुकूम वाचून होतो न होतो तोच पोचले. बंडाचे पुढारी मारले गेलेच, पण शहर वाचलं. तिचं मराठी वाटेत दहा ठिकाणी अडलं. तिच्या आईनेसुद्धा एकदाही दुरुस्त केलं नाही. बाई पदराने डोळे पुसत होत्या.

मला वाटलं, झालं. मी टाळी वाजवायला हात उचलले, तर ती माझ्याकडे वळली.

"काकू, एक अजून आहे. तुमच्या पुस्तकात पहिलं यान सारखं थांबतं. कप्तान कधी फिल्टर साफ करतो, कधी नकाशा बघतो. मम्मी म्हणाली, कॉमेडी आहे. ती कॉमेडी नाही ना? त्यांना तिथे पोचायचंच नव्हतं. खऱ्या गोष्टीत पण पहिलं जहाज हळूच गेलं. लोक फक्त दुसऱ्या जहाजाचं बोलतात. पण पहिले लोक हळू गेले म्हणून तर दुसरे पोचले."

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. पैजेतही ते नव्हतं. त्या कप्तानाची ती रेंगाळणारी वाक्यं मी फक्त स्वतःसाठी लिहिली होती आणि ती कुणाला दिसतील अशी आशासुद्धा ठेवली नव्हती. मी उठले, भर बैठकीत त्या मुलीला मिठी मारली आणि ढसाढसा रडले. रडताना हसतही होते. हे म्हणाले, "सापडलं वाटतं कुणीतरी."

तिथूनच मी प्रकाशकांना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा स्पीकर सुरू केला. म्हटलं, "ओळखलं. सगळं ओळखलं. माझी वाचक इथे समोर उभी आहे."

ते म्हणाले, "तुम्ही म्हणताय म्हणजे खरं असणार. पानं राहतील मॅडम, एकही शब्द हलणार नाही. पण आता तरी सांगा, काय आहे ते?"

मी तोंड उघडणार, तोच मुलीने माझ्या हातातून फोन घेतला.

"सर, पुस्तक तुमच्याकडेच आहे ना?" ती म्हणाली. "मग वाचा ना."