मडक्यासारखी वाजवलेली गाडी

शेजारी फाटकाला रंग देत आहेत. तो ओला वास नाकात शिरला आणि मी थेट मस्तगडच्या त्या जुन्या गाड्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन उभी राहिले.

लग्नाला वर्षच झालं होतं. ह्यांना हैदराबादहून आलेली एक जुनी, लाल स्पोर्ट्‌स कार घ्यायची होती, आणि त्यासाठी माझी माहेरची म्हैस विकायची होती. म्हणून मीही वाटूरहून सोबत निघाले होते, डोक्यावर पदर आणि तोरा फौजदाराचा!

गाडी नुसती लखलखत होती. जुन्या गाडीला नव्या रंगाचा वास कशाला? मला तिथंच खटकलं. मडकं घेताना वाजवतात तशी मी बोटानं गाडी वाजवत निघाले. टण, टण, टण... आणि दारापाशी थप!

"वहिनी, मडकं हाय का ते?" शेडचा मालक हसला. "गाडी बिलकुल बराबर हाय."

"मंग इथंच आवाज का बसला?" म्हणत मी नखानं रंग खरवडला. आत पुट्टी निघाली आणि पुट्टीखाली गंजाचं हे एवढं भोक.

म्हैस वाचली. परतीच्या एसटीत मी फुगून बसले होते. "अन् सीटा दोनच! सासूबाई कुठं बसल्या असत्या हो?"

खिडकीबाहेर बघत हे पुटपुटले, "म्हणून तर घेत होतो."

गाडीचं भोक हुडकणाऱ्या त्या शहाणीला एवढं काही कळलं न्हाई. घरी पोचल्याबरोबर तिनं अर्थ विचारला, तोही सासूबाईंनाच.