तारखा न मानणाऱ्या मॅडम

आमच्या मॅडमनी कुठलाही 'दिन' कधी ठरलेल्या तारखेला साजरा केला नाही. शाळेच्या ग्रुपवर परिपत्रक यायचं, उद्या अमुक दिन, फोटो लिंकवर टाकावेत. मॅडम ते वाचून मोबाइल उपडा ठेवायच्या आणि मला विचारायच्या, "सर, हा दिन आपल्या तांड्यावर कधी येतो?"

ढाणकीजवळच्या त्या तांड्यावर आमची दोन शिक्षकी शाळा. त्या मुख्याध्यापिका, मी सहायक. पर्यावरण दिनाला जूनच्या उन्हात लावलेलं रोप फोटोपुरतं जगतं, म्हणून आमचा पर्यावरण दिन आषाढात, जमीन चांगली भिजल्यावर व्हायचा. त्यांनी लावलेले कडुनिंब आज शाळेच्या छपराच्या वर गेले आहेत. "तारीख सरकारची, मोसम आपला," असं त्या म्हणत. त्यात कुरकुर नसे, कामाची आखणी असे.

पाठ्यपुस्तकाचंही तेच. बी रुजण्याचा पाठ पुस्तकात कुठेही असो, आमच्याकडे तो श्रावणात, तीजेच्या दिवसांत यायचा. बंजारा समाजातल्या कुमारिका तेव्हा टोपल्यांत गहू पेरतात, रोज गाणी म्हणत पाणी घालतात. मॅडम म्हणाल्या, "सगळ्या घरांत प्रयोग मांडलेला आहे, मग मी कुंडी कशाला आणू?" पूजेच्या टोपल्यांना त्यांनी हात लावला नाही. मुलींकडून दोन टोपल्या वेगळ्या पेरून घेतल्या, एक उन्हात, एक झाकून. झाकलेलीतले पिवळे अंकुर पाहून चौथीतली पूजा म्हणाली, "मॅडम, याले कावीळ झाली!" सगळा वर्ग हसला, मॅडमही हसल्या. उन्हाचं काम त्या वर्गाला पुन्हा सांगावं लागलं नाही.

पण मॅडम खऱ्या दिसल्या त्या हात धुवा दिनाला. तो येतो ऑक्टोबरात. मॅडमनी तो पोळा झाल्याबरोबर घेतला. केंद्रप्रमुख फोनवर म्हणाले, "अहो मॅडम, अजून महिना आहे." मॅडम म्हणाल्या, "त्या महिन्यात कपाशीवर किती फवारण्या होतात, साहेब?"

त्या दिवशी मुलांनी साबणानं हात धुतले, आणि पूजानं नाकाजवळ हात नेऊन सांगितलं, "आमचे हात तं सोपे हायेत मॅडम. बाचे हात धुतले तरी वास येते." मॅडमनी लगेच गृहपाठ दिला. बाप फवारून आला की त्याच्या हातावर पाणी घालायचं, साबण द्यायचा, त्याशिवाय भाकर वाढू द्यायची नाही.

दुसऱ्या दिवशी पूजाचा बाप, उत्तमभाऊ, शाळेच्या दारात.

"मॅडम, पोरीनं मले काल उपाशी ठेवलं! हात धुतल्याबिगर ताट देत नाई म्हन्ते. बापाले शिकवून राह्यली!"

"मग धुतले का?"

"धुतले. का करतो? तिची याडी, म्हंजे मायबी तिच्याच बाजूनं."

हसण्यावारी गेलं. हसू संपलं ते कॅनवरून. तांड्यावर फवारणीच्या औषधाच्या रिकाम्या कॅन धुऊन त्यांतूनच शेतात प्यायचं पाणी नेत. मॅडमनी मुलांना घरच्या कॅन आणायला सांगितल्या आणि तापलेल्या सळईनं सगळ्या कॅनच्या बुडाला भोकं पाडली. संध्याकाळी उत्तमभाऊ परत आला, या वेळी चार जण घेऊन.

"माही कॅन फोडली कायले? तीन पान्यानं धुतली होती."

"चौथ्या पाण्यानं तरी विष जातं का, भाऊ?"

"आमी रोज पेतो. का झालं आमाले?"

"फवारणीच्या रात्री उलट्या कोणाला होतात?"

"ते भज्यानं होते."

"प्रत्येक फवारणीला भजी तळता का तुमच्या घरी?"

बरोबरचे चौघे हसले, आणि तेच त्याला लागलं. "उद्यापासून पोरगी शाळेत येनार नाई," असं म्हणून तो निघून गेला.

पूजा खरंच आली नाही. मॅडम रोज शाळा सुटल्यावर तिच्या ओट्यावर जाऊन बसू लागल्या. तिथेच तिचा धडा घ्यायच्या. उत्तमभाऊ समोरून जायचा, बोलायचा नाही. त्या नमस्कार करायच्या आणि पुढचं वाक्य वाचायला सांगायच्या. शेवटी त्याची बायकोच म्हणाली, "पोरीले पाठवा शाळेत, नाई तं मॅडमले रोज इथंच जेवाले घालाव लागीन." पूजा परतली.

फोडलेल्या कॅनच्या बदल्यात मॅडमनी ढाणकीच्या मंगल कार्यालयातून थंड पेयांच्या रिकाम्या बाटल्या पोत्यानं आणल्या. केंद्रप्रमुखांनी चिमटा काढला, "मागच्या महिन्यात तुम्ही प्लास्टिकमुक्ती घेतली होती ना?"

"ती चालूच आहे, साहेब. आधी विषमुक्ती."

उत्तमभाऊनं बाटली घेतली. पण मॅडमचं समाधान झालं नाही. "आपल्यासमोर धुतलेले हात फोटोतल्यासारखेच, सर. आपण नसताना धुतात का, ते खरं." पुढची सगळी वर्षं पोळा सरला की त्या हाच धडा पहिल्यापासून घेत राहिल्या. एकदा शिकवलं म्हणजे शिकवून झालं, असं त्यांना कधी वाटलं नाही.

यंदा पोळ्याला त्या यवतमाळच्या दवाखान्यात होत्या. त्यांच्याशिवाय तो धडा घ्यायला माझं मन धजेना आणि पोळा होऊन आठवडा गेला तरी तो राहिलाच. त्याच सुमारास त्या गेल्या.

त्या दिवशी दुपारी त्यांना ढाणकीच्या घरी आणलं. तांड्यावर निरोप पोचला तेव्हा माणसं शेतात होती. ती पिकअपमध्ये दाटीनं उभी राहून तशीच आली, फवारणीच्याच कपड्यांत, डोक्याला फडकी. अंगणात गर्दी होती, उचलायची घाई चालली होती. कोणीतरी उत्तमभाऊला पुढे केलं, "या, खांदा द्या."

तो मागे सरकला.

"थांबा जरा. पयले साबन द्या."

मॅडमची मुलगी आतून साबण घेऊन आली. नळाला धार बारीक होती, म्हणून मी बादलीतून तांब्यानं पाणी घालू लागलो. उत्तमभाऊनं मनगटांपर्यंत, मग कोपरांपर्यंत हात घासले. नखं घासली. हात नाकाजवळ नेऊन वास घेतला आणि पुन्हा साबण लावला. त्याच्यामागे तांड्यावरचे सगळे गडी बाह्या वर करून एकामागे एक उभे राहिले होते. नातेवाइकांतलं कोणी तरी म्हणालं, "उशीर होतोय."

"होऊ द्या," उत्तमभाऊ म्हणाला, आणि साबण मागच्याच्या हातात दिला.